एकही कार्ड न मिळालेला संघ

प्रादेशिक फुटबॉल संघटनेचं ऑफिस खेळाच्या सामानाच्या एका दुकानावर होतं. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि भिंतभर चिकटवलेलं हंगामाचं वेळापत्रक. मागच्या खोलीत कुणी न्यायला न आलेले करंडक, हवा गेलेले चेंडू आणि कोपऱ्यात उभे केलेले झेंडे. तिथे ती बारा वर्षं खेळाडूंची नोंदणी करत होती. फोटो चिकटव, जन्मतारीख तपास, शिक्का मार. मग यंदाचा हंगाम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत जुने चिटणीस अध्यक्ष झाले आणि त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. बावीस वर्षं त्यांनी ही लीग सांभाळली होती, फाटलेल्या जाळ्या घरी नेऊन विणण्यापर्यंत. खुर्ची देताना ते तिला म्हणाले होते, "सगळं तू बघ. रेफरी नेमायचं तेवढं माझ्याकडे राहू दे. ती डोकेदुखी तुला नको."

तिला बरंच वाटलं होतं. कारण तिचा नवराच रेफरी होता. घरच्या माणसाला मॅच द्यायची आणि वर लोकांची बोलणी खायची, त्यापेक्षा हे उत्तम. नवरा बस डेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवायच्या नोकरीत होता आणि सव्वीस वर्षं दर रविवारी शिट्टी घेऊन मैदानावर. पूर्वी तो वरच्या श्रेणीच्या मॅचेस करायचा. या हंगामात मात्र भाऊंनी त्याला सारखं चौथ्या श्रेणीत टाकलं होतं, आणि त्यातही एकाच संघाच्या मॅचेसवर. तिनं एकदा विचारलंही. भाऊ म्हणाले, "टाकीचं मैदान तुमच्या घराजवळ. बाकी कुणी खालच्या श्रेणीला हात लावत नाही गं. तो बिचारा कुरकुर न करता जातो." नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पोरं शांत आहेत. त्रास नाही काही."

त्या संघाचं नाव धूमकेतू क्लब.

हंगामाच्या दोन मॅचेस उरल्या असताना तिनं शिस्तीच्या करंडकाचा हिशोब लावला. वर्षभरात ज्या संघाला सगळ्यात कमी पिवळी आणि लाल कार्डं मिळतील त्याला हा करंडक. एरवी तो वरच्या श्रेणीतला एखादा संघ आठ-दहा कार्डांवर घेऊन जायचा. यंदा कॉम्प्युटरनं जी यादी काढली तिच्यात पहिलं नाव धूमकेतूचं होतं. बारा मॅचेस, शून्य कार्डं. पिवळं नाही, लाल नाही, साधी ताकीदही नाही. तिनं आकडा दोनदा तपासला. चौथ्या श्रेणीत, जिथे अर्ध्या मॅचेसमध्ये कुणी ना कुणी कुणाच्या तरी बापाचा उद्धार करतो, तिथे शून्य. संघटनेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं, आणि पुढच्या दोन मॅचेसमध्ये काहीही झालं तरी त्यांना कुणी गाठू शकत नव्हतं.

तिनं नीटसं अभिनंदनाचं पत्र टाइप केलं. क्लबच्या कप्तानाचा फोन बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तिनं भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. रविवारी सकाळी नऊला टाकीच्या मैदानावर धूमकेतू विरुद्ध छापखाना. रविवारी दुपारनंतर तिला निकाल घ्यायला ऑफिसात बसावंच लागायचं. तिनं ठरवलं, सकाळी मैदानावरच जायचं आणि पत्र कप्तानाच्या हातात द्यायचं. नवऱ्याला काही बोलली नाही. तोही चकित होईल, असं तिच्या मनात होतं.

रविवारी तो नेहमीप्रमाणे आठ वाजता बॅग खांद्याला लावून निघाला. ती पावणेनऊला निघाली. पाण्याच्या टाकीला वळसा घालून मैदानाच्या फाटकाशी पोचली तेव्हा नऊला पाच मिनिटं होती. बाहेर एकही स्कूटर उभी नव्हती, एकही सायकल नाही. आतून आवाज येत नव्हता. फाटकापाशी मैदानाचा माळी रबरी नळीची गाठ सोडवत बसला होता.

"मॅच हलवली का दुसरीकडे?" तिनं विचारलं.

"कसली मॅच?"

"धूमकेतूची. नऊची."

माळ्यानं नळी खाली ठेवली. "रेफरी साहेब आलेत की. ते आहेत आत."

"आणि संघ?"

"संघ कुठले, बाई. साहेब एकटेच येतात. बरेच महिने झाले. मी म्हणतो, माणसाला शांत बसायला जागा लागते. मी नाही विचारत."

तिला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. शब्द सगळे कळले, पण ते एकमेकांना जोडले जाईनात. ती फाटकातून आत गेली आणि टाकीच्या भिंतीच्या कडेला थांबली.

मैदान रिकामं होतं. गोलांना जाळ्या नव्हत्या. तिचा नवरा काळा गणवेश घालून, पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढून, गळ्यात शिट्टी अडकवून गोलाच्या खांबाशी उभा होता. त्यानं खांब हातानं हलवून पाहिला. मग तो रेषेवरून चालत निघाला, हळूहळू, मध्येच एकदा थांबून गुडघ्यावर हात टेकून. एका जागी बुटाच्या टोकानं माती दाबून पाहिली. दुसऱ्या गोलाशी जाऊन तोही खांब हलवला. आकाशाकडे पाहिलं. घड्याळ पाहिलं. नंतर बाजूच्या बाकावर जाऊन बसला, मांडीवर पॅड घेतलं आणि लिहू लागला.

ती वीस मिनिटं तिथे उभी होती. कुणी आलं नाही. तिच्या हातातल्या पाकिटाला घामानं ओलसर डाग पडला. तिला हाक मारायची होती. पण हाक मारल्यावर तो काय म्हणेल ते ऐकायची तिची तयारी नव्हती. ती परत फिरली. माळी म्हणाला, "भेटले का?" तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

दुपारी तो जेवायला बसला. तिनं वाढलं.

"कशी झाली मॅच?" तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला, याचंच तिला नवल वाटलं.

"बरी झाली. तीन एक."

"कोण जिंकलं?"

"छापखाना. धूमकेतूनं पहिला गोल केला होता, पण दुसऱ्या हाफमध्ये दमले." त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. "चांगली खेळली पोरं."

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. हा माणूस खोटं बोलू शकत नाही, अशी तिची इतकी पक्की समजूत होती की तिनं कधी तसं मोठ्यानं म्हटलंही नव्हतं. आणि तो तिच्यासमोर बसून, घास चावत, न झालेल्या मॅचमधला पहिला गोल सांगत होता. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.  मग ऑफिसला निघून गेली. संध्याकाळपर्यंत फोनवर निकाल घेतले. चौथी श्रेणी, धूमकेतू एक, छापखाना तीन. तेही तिनं लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी मॅचचा कागद आला. गोल चौदाव्या, एक्कावन्नाव्या, सदुसष्टाव्या आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला. खाली दोन्ही कप्तानांच्या सह्या, त्याखाली नवऱ्याची. कार्डं, काही नाही. तिनं हंगामातले धूमकेतूचे सगळे कागद काढून टेबलावर मांडले. तेरा. पहिल्यावर दुसऱ्या रेफरीची सही, उरलेल्या बारांवर नवऱ्याची. धूमकेतूच्या कप्तानाची सही पहिल्या कागदावर वेगळी होती, उरलेल्या बारांवर एकसारखी. त्या बारा सह्यांमधला 'क' तिच्या ओळखीचा होता. घरच्या दुधाच्या वहीत, नवऱ्याच्या अक्षरात, तो तिला रोज दिसायचा.

तिनं धूमकेतूच्या खेळाडूंचे नोंदणीचे फॉर्म काढले. अठरा जण. हे चेहरे खोटे नव्हते, तिनंच फोटो चिकटवले होते. एकामागून एक फोन लावले. पाचवा लागला. हा त्यांचा पुढच्या फळीतला खेळाडू, कागदोपत्री हंगामात चार गोल केलेला. मागे कुठेतरी मोठ्या गाडीचं इंजिन चालू होतं.

"मी ट्रकवर असतो आता," तो म्हणाला. "पहिल्या मॅचनंतर आठ-दहा जण कामाला बाहेर पडलो. कप्तानसुद्धा. क्लब तेव्हाच संपला. का?"

"तुमच्या नावावर चार गोल आहेत."

 "माझ्या?"

"हो."

"कमाल आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "डोक्यानं मारलेला आहे का त्यातला एखादा? मला डोक्यानं कधी जमलं नाही."

तिनं फोन ठेवला. हसू येण्यासारखं होतं, पण तिला हसू आलं नाही. नवऱ्यानं कप्तानाच्या नावानं केलेल्या खोट्या सह्या पाहून ती बधिर झाली होती, पण त्या बधिरपणाखालून आता दुसराच प्रश्न वर येत होता. मॅचला दोन संघ लागतात. दुसऱ्या संघाचे कप्तान सह्या कसे करत होते?

छापखाना संघाचा कप्तान खरोखरच छापखान्यात बाइंडर होता. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे गेली. खाली मशीन धडधडत होती, वरच्या माळ्यावर खळीचा वास आणि कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग. बाइंडर एका लांब टेबलाशी उभा राहून पुठ्ठे मोजत होता. तिला पाहून त्यानं हात पुसले.

"या ताई. फॉर्म राहिला का कुणाचा?"

"कालची मॅच झाली नाही," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. "हो," तो म्हणाला. "मग?"

"मग म्हणजे?"

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना." त्यानं एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा तुम्ही. सातही कप्तानांना माहीत आहे. आम्हाला वाटलं, तुम्हीच चिटणीस, तुम्हाला सगळं माहीत असणार. तुम्ही दर आठवड्याला निकाल छापता, तेव्हा आम्ही म्हणायचो, बाई काय धीराची आहे."

ती बसली. बाइंडरनं सांगितलं ते असं. धूमकेतू मोडला तेव्हा चौथ्या श्रेणीत सात संघ उरले. संघटनेचा नियम असा की आठाच्या खाली संघ गेले तर ती श्रेणी बंद. म्हणजे सात संघांची दीडशे माणसं घरी. कुणी अग्निशमन दलातली, कुणी गिरणीतली, कुणी हमाल, कुणी शिंपी. वरच्या श्रेणीत त्यांना कोण घेणार. भाऊंनी सातही कप्तानांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, एक हंगाम धूमकेतूला कागदावर जिवंत ठेवू. पुढच्या वर्षी नवीन संघ शोधू.

"आणि आम्ही लबाडी केली नाही हं, ताई," बाइंडर म्हणाला. "म्हणजे, केली. पण सारखी केली. प्रत्येकाला धूमकेतूकडून एक विजय आणि एक बरोबरी. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. फक्त अग्निशमनवाल्यांची पहिली मॅच खरी झाली होती आणि ते ती हरले. त्यांची अजून रडारड चालू आहे, की आम्हालाच एक बरोबरी कमी का."

"आणि रेफरी?"

बाइंडरनं खाली पाहिलं. पुठ्ठ्याचा कोपरा अंगठ्यानं सरळ केला. "ते तुम्ही भाऊंना विचारा."

बारा वर्षं तिनं या माणसांच्या जन्मतारखा तपासल्या होत्या. कुणी वय दोन महिन्यांनी चुकवलं तर फॉर्म परत पाठवला होता. आणि दर रविवारी ही सगळी मंडळी तिच्या पाठीमागे एक संघ पाळत होती. ऑफिसात येत होती, चहा पीत होती, "काय म्हणताय ताई" म्हणत होती. 

भाऊ घरी होते. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून ते एका शिट्टीतली गोळी काडीनं साफ करत होते. तिनं तेरा कागद त्यांच्यासमोरच्या तिपाईवर ठेवले. त्यांनी चष्मा लावला, वरचा कागद पाहिला, चष्मा काढला.

"एक ना एक दिवस तू येणारच होतीस," ते म्हणाले. "मी सांगणार होतो. हंगाम संपल्यावर."

"मला त्या खुर्चीत का बसवलंत, भाऊ?"

"कारण तुझ्याइतकं काम कुणी करत नाही."

"तेवढंच कारण?"

त्यांनी चष्मा पुसून तिपाईवर ठेवला. मग म्हणाले, "तुझ्यावर कुणी शंका घेतली नसती. हेही खरं आहे."

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. तिला तोंडात मारल्यासारखं झालं. तिचं नाव प्रामाणिक होतं, म्हणून त्यांनी ते झाकण म्हणून वापरलं होतं.

"आणि माझ्या नवऱ्याला यात का ओढलंत? त्याला बारा खोट्या सह्या करायला लावल्यात. सव्वीस वर्षं ज्यानं एक ऑफसाइड भिडेपोटी सोडला नाही, त्याला."

भाऊंनी शिट्टी बाजूला ठेवली. "मी नाही ओढलं. तो माझ्याकडे आला होता."

"कशाला?"

"त्यानं तुला काहीच सांगितलं नाही?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"हंगामाआधी रेफऱ्यांची धावण्याची चाचणी असते ना," भाऊ म्हणाले. "तो तिसऱ्या फेरीला खाली बसला. ओठ निळे पडले होते. मी स्वतः त्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. हृदयाची झडप खराब आहे. डॉक्टरांनी धावायला बंदी केली आणि ऑपरेशनचं बोलले. तो मला म्हणाला, भाऊ, यादीतून नाव काढू नका. घरी मी सांगेन माझ्या वेळेनं. मी काय करणार होतो. खऱ्या मॅचवर त्याला पाठवलं असतं तर तो मैदानातच गेला असता. आणि नेमकं तेव्हाच धूमकेतू मोडला."

आठ महिने. ती मनातल्या मनात मोजत होती. आठ महिन्यांत किती वेळा त्यानं जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून बुटाची नाडी बांधली होती. किती वेळा ती म्हणाली होती, काय हो, वय झालं वाटतं, आणि तो हसला होता. आठ महिने ती त्याच बिछान्यावर त्याच्या शेजारी झोपत होती. तिला खेळाडूंच्या जन्मतारखा पाठ होत्या आणि हे माहीत नव्हतं.

तिनं कागद गोळा केले. भाऊ म्हणाले, "काय करणार आहेस?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

ती घरी गेली तेव्हा नवरा डेपोतून नुकताच आला होता. टेबलाशी बसून बूट पॉलिश करत होता. खेळायचे बूट, ज्यांना महिन्यामहिन्यांत चिखल लागला नव्हता. तिनं कागद त्याच्यासमोर ठेवले नाहीत. सरळ विचारलं, "डॉक्टर नक्की काय म्हणाले?"

त्याचा हात थांबला. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"भाऊंनी सांगितलं," तो म्हणाला.

"मी काल मैदानावर आले होते."

हे ऐकून त्यानं मान वर केली. इतका भेदरलेला चेहरा तिनं त्याचा कधी पाहिला नव्हता, त्याची आई गेली तेव्हाही नाही.

"कुठे होतीस?"

"टाकीशी. वीस मिनिटं."

"हाक का नाही मारलीस?"

"आणि तुम्ही का नाही सांगितलंत?"

तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. "सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी शिट्टी काढून घेतली असतीस. बरोबरच केलं असतंस. मग मी रविवारी काय करू? डेपोत मी कोण आहे? गाडी किती मिनिटं उशिरा आली ते लिहिणारा. मैदानावर बावीस माणसं माझ्या हाताकडे बघतात." तो थांबला. "बघायची."

"रिकाम्या मैदानावर कोण बघत होतं?"

"कुणी नाही." त्यानं खुर्चीची पाठ धरली. "पण मी जायचो. घरी बसूनही कागद भरता आला असता, भाऊ तसंच म्हणाले होते. मला ते जमेना. कागदावर मैदानाची अवस्था लिहायची असते, हवा लिहायची असते. ते सगळं खरं आहे. वाटल्यास तपास. सातव्या कागदावर उजवीकडचा खांब सैल आहे असं लिहिलंय, तो खरंच सैल होता. मी माळ्याकडून बसवून घेतला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग होता, भरपूर होता, पण तो कुठे धरायचा ते कळत नव्हतं. खोट्या मॅचसाठी खरी हवा लिहायला जाणारा माणूस. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याच्या ओठांचा रंग बघावासा वाटत होता. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. नंतर म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे. मी येणार आहे बरोबर."

"आणि हे?" त्यानं कागदांकडे बोट केलं.

"ते मला समितीपुढे ठेवावं लागेल."

त्यानं पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. मग त्यानं एवढंच विचारलं, "माझं नावही?"

"तुमच्या सह्या आहेत त्यावर."

डॉक्टरांनी तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं, कागदावर झडपेचं चित्र काढून. ऑपरेशनसाठी पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. त्याच आठवड्याच्या शेवटी शिस्त समिती बसली. अध्यक्षस्थानी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, ज्या फुटबॉल कमी आणि माणसं जास्त ओळखत. सातही कप्तान आले होते, कामावरून तसेच, कुणाच्या हाताला ऑइल, कुणाच्या बाहीला धागे. भाऊ एका कोपऱ्यात बसले. तिनं उभं राहून सगळं वाचून दाखवलं. नवऱ्याच्या नावाशी आली तेव्हा ती थांबली. पाणी पिऊन तिनं ते नाव स्पष्ट वाचलं.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला कधीच संशय आला नाही?"

"नाही," ती म्हणाली. "यायला हवा होता. निकाल मीच छापत होते. माझीही चूक लिहून घ्या."

बाइंडर उभा राहिला. "बाईंना काही माहीत नव्हतं. आम्ही सगळे शपथेवर सांगतो." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो पुढे म्हणाला, "आणि रेफरी साहेबांनी आम्हाला एकदाही जास्तीचा गोल दिला नाही. मी मागितला होता."

समितीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. धूमकेतूच्या सगळ्या मॅचेस रद्द, त्या एका खऱ्या मॅचसकट, त्यामुळे अग्निशमनवाल्यांना अखेर समाधान मिळालं. सात संघांनी उरलेला हंगाम आपसात पूर्ण करायचा, पुढच्या वर्षी तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीची एकत्र दोन गटांत मांडणी. भाऊंनी समितीचा निकाल यायच्या आधीच राजीनामा दिला होता. तिला लेखी समज मिळाली. रेफरीला दोन वर्षं बंदी.

बंदीचं पत्र तिनंच टाइप केलं, दुसरं कुणी टाइप करणारं नव्हतं. पत्ता स्वतःच्या घराचा घातला. ऑफिसचा शिपाई म्हणाला, ताई, हे हातीच घेऊन जा की. ती म्हणाली, नाही, पोस्टानंच जाऊ दे. दोन दिवसांनी ते घरी आलं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं आणि सही करून पोच तिच्याकडे दिली. 

त्यानंतरचे आठवडे दोघं फारसं बोलत नव्हते. औषधांच्या वेळा, दवाखान्याचे फॉर्म, एवढंच. मधूनच ती काम करता करता थांबायची आणि तो जेवणाचा प्रसंग तिला आठवायचा, धूमकेतूनं पहिला गोल केला होता, तो आवाज. मग तिला त्याच्याशी एक शब्द बोलवत नसे. आजारपण लपवलं हे ती हळूहळू पचवत होती. तो गोल पचत नव्हता. एकदा तिनं ते त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मलाही तो आठवतो. तुला सांगताना मला तो दिसत होता." 

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तो सकाळी सहालाच उठून बसला. कपडे करून खोलीत येरझाऱ्या घालत होता. त्याला वाटलं ती झोपली आहे. ती उठली आणि म्हणाली, "गिरणीच्या मैदानावर छापखान्याची मॅच आहे. मला जावं लागेल. चला."

"मी कसा येऊ?"

"बंदी शिट्टी वाजवायला आहे. बसायला नाही."

ते दोघं गेले. मैदानावर शंभर-दीडशे माणसं असतील. ओळखीची बरीच. काहींनी मान फिरवली, काहींनी नुसतं पाहिलं. तो कडेला उभा राहिला, हात कुठे ठेवायचे ते न कळून. मग छापखान्याचा कप्तान, तो बाइंडर, वॉर्म-अप सोडून आला, कुणाच्या तरी खालची खुर्ची काढून घेतली आणि त्याच्याजवळ आणून ठेवली. काही बोलला नाही. परत पळाला.

मॅच सुरू झाली. तिनं वही उघडली आणि वेळ लिहिली. तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, गुडघ्यांवर हात, मान पुढे. नवा रेफरी तरुण होता, जोरात धावत होता आणि सारखा चेंडूच्या मागे राहत होता. दहाव्या मिनिटाला गोलापाशी गर्दी झाली आणि रेफरीला काही दिसलं नाही.

"फार मागे आहे तो," नवरा हळूच म्हणाला. "तिरकं धावायला हवं."

"मग मॅच संपल्यावर त्याला सांगा," ती म्हणाली आणि वहीत पहिला गोल लिहू लागली. गोल कुणी केला ते तिनं त्याला विचारलं नाही. स्वतःच उठली, रेषेपर्यंत गेली आणि खेळाडूच्या पाठीवरचा नंबर पाहून आली.